‘चूक नाही’ हा पर्याय

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीत एक ठरलेला प्रश्न असतो. एका वाक्याचे तीन तुकडे पाडलेले असतात आणि व्याकरणाची चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखायचे असते. चौथा पर्याय असतो ‘चूक नाही’. हा पर्याय निवडायला धीर लागतो. चूक दाखवली की हाती काहीतरी लागल्यासारखे वाटते; चूक नाही असे म्हणायला मात्र समोरच्या वाक्यावर आणि स्वतःच्या कानावर विश्वास असावा लागतो. अशा प्रश्नांचा दोन-तीन वर्षे रोज सराव केल्यावर भाषा येते की भाषेची भीती येते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका घ्या, दिल्लीचे मुखर्जीनगर घ्या किंवा पाटण्याचे मुसल्लहपूर. टेबलांवरच्या वह्या सारख्याच असतात. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, प्रयोग बदला, कथन बदला, अनेक शब्दांसाठी एक शब्द. या शेवटच्या यादीत पितृहत्येला एक शब्द असतो, मातृहत्येला दुसरा, बंधुहत्येला तिसरा, राजहत्येला चौथा. उंचीच्या भीतीला वेगळा, पाण्याच्या भीतीला वेगळा. ज्याला हे सगळे मुखोद्गत आहे त्याला आईच्या पोटात कधीपासून दुखते आहे, हे डॉक्टरांना इंग्रजीत सांगायची वेळ आली तर तो अडखळतो. मग आपण साहित्यप्रेमी मंडळी हसतो आणि म्हणतो, ही काय भाषा झाली? ही तर घोकंपट्टी.

पण घोकंपट्टीला दोष देणे सोपे आहे आणि ते खरेही नाही. आपल्याकडे पाठशाळेतली मुले अमरकोश पाठ करीत. तोही समानार्थी शब्दांचाच संग्रह. फरक आहे तो मांडणीत. अमरकोशात आधी स्वर्ग येतो, मग दिशा, काळ, पाताळ. पुढे भूमी, नगर, पर्वत, वनस्पती, प्राणी, माणूस. शब्द पाठ करताना मुलाला एक जग ओळीने भेटत जाई, मग ते पटो वा न पटो. परीक्षेच्या यादीतला शब्द ‘हा अमुक वर्षी विचारला होता’ म्हणून तिथे असतो. त्याचा शेजारी कोण हे जग ठरवत नाही, जुनी प्रश्नपत्रिका ठरवते. म्हणजे उणीव पाठांतराची नाही. पाठ केलेला शब्द ज्याला उद्देशून म्हणायचा, तो माणूस या अभ्यासात कुठेच नाही.

आता दुसरी बाजू. ही परीक्षा बहिरी आहे हे खरे, पण तिच्या बहिरेपणातच तिचा न्याय आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात, प्रत्येकी ३ गुणांचे. चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. संगणकाच्या पडद्यावर पर्याय निवडणाऱ्याचा उच्चार कसा आहे, ‘स्कूल’ म्हणताना तो ‘इस्कूल’ म्हणतो का, त्याचे आडनाव काय, सदरा कसला, हे यंत्राला कळत नाही. केंद्र सरकारच्या अराजपत्रित गट ‘ब’ आणि गट ‘क’ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. ज्या घरात कुणी कधी इंग्रजी बोलले नाही, त्या घरातल्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नव्हे. मुलाखतीत कान होते, आणि कानांना सवयी असतात. म्हणून पर्यायांच्या परीक्षेची थट्टा करणाऱ्याने आधी सांगावे की तिच्या जागी कोणाचे कान बसवायचे.

तरी या न्यायालाही हद्द हवी. भाषा उंबरठा म्हणून लावायची की शिडी म्हणून, हा तो प्रश्न. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची आणि एका भारतीय भाषेची, अशा दोन प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेसाठी असतात. प्रत्येकी ३०० पैकी २५ टक्के मिळाले की पुरे, ते गुण क्रमवारीत धरत नाहीत. २०१३ साली इंग्रजीचे गुण क्रमवारीत धरायचे ठरले होते. देशभर विरोध झाला आणि तो बदल मागे घ्यावा लागला. २०१४ साली मुखर्जीनगरातली मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा पूर्वपरीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्यांचे गुणही वगळले गेले. त्या भांडणाचा गाभा साधा होता. कामापुरती भाषा येते ना, एवढे विचारणे योग्य. पण कामाला लागते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन, केवळ गर्दी चाळण्यासाठी भाषा वापरली, तर ती चाळणी कामाची पारख करीत नाही, बालपण कुठे गेले याची करते.

आणि या चाळणीची किंमत परीक्षा संपल्यावरही चुकवावी लागते. घरातले लहान मूल ‘माझा आई’ म्हणते, ‘पाणी पडला’ म्हणते. घरचे हसतात आणि फडके आणतात. अर्थ आधी पोचतो, दुरुस्ती मागाहून, कधी कधी वर्षभराने. ‘चुका आणि शिका’ हे आपण उगाच म्हणत नाही. वजा गुणांच्या परीक्षेत नियम उलटा असतो: खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या. परीक्षेत हे शहाणपणच आहे. पण तीच सवय घेऊन माणूस जगात आला, तर तो बोलणेच सोडून देतो. परीक्षकाचा कान त्याने स्वतःच्या डोक्यात बसवून घेतलेला असतो; वाक्य ओठांवर येण्याआधीच त्याचे तीन तुकडे होतात आणि चूक कुठे आहे याचा शोध सुरू होतो.

कथन बदलण्याचा प्रश्न मला या बाबतीत फार बोलका वाटतो. मराठीत आपण म्हणतो, ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ शाबूत राहतो, त्याचा ‘उद्या’ही. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना ‘मी’चा ‘तो’ करायचा, ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ करायचा, क्रियापद भूतकाळात न्यायचे. दोन्ही रीती आपापल्या जागी बिनचूक आहेत. एकीत कमीपणा नाही. पण जो हजार वेळा ‘मी’ खोडून ‘तो’ लिहितो आणि ज्याला त्या भाषेत ‘मी’ म्हणून एकही गरजेचे वाक्य बोलण्याची वेळ आलेली नसते, त्याला ती भाषा कायम दुसऱ्या कुणाचीच वाटली तर नवल नाही.

मग जबाबदारी कोणाची? परीक्षेचे काम मोजण्याचे. तिने ऐकावे ही अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. ऐकण्याचे काम उरते ते आपल्याकडे, म्हणजे ज्यांना ही भाषा आधीच आली त्यांच्याकडे. इथे आपले वागणे तपासून पाहण्यासारखे आहे. कर्नाटकातून आलेल्या अधिकाऱ्याने लिंग चुकवत दोन वाक्ये मराठीत म्हटली, तर आपल्याला कौतुक वाटते. मुंबईच्या हिंदीचे व्याकरण ऐकून उत्तरेतली माणसे गालात हसतात, पण बोलणाऱ्याला मठ्ठ समजत नाहीत. इंग्रजीचे तसे नाही. तिच्यात क्रियापद चुकले की माणसाची अक्कलच कमी धरली जाते. अनेक भाषांत जगणाऱ्या या देशात दुसऱ्याची भाषा थोडी चुकीची बोलणे हीच रोजची रीत आहे. फक्त एका भाषेला आपण त्या रीतीतून वगळले आहे. हे वगळणे कोणत्या आयोगाने केलेले नाही. ते आपण केले आहे, आणि ते मागे घ्यायला कुणाच्या आदेशाची गरज नाही.

नव्याने रुजू झालेली मुलगी कार्यालयात पहिली टिपणी लिहून वरिष्ठांपुढे ठेवते. टिपणीत एक उपपद राहिलेले असते, पण हिशेबातली तफावत तिने नेमकी पकडलेली असते. वरिष्ठाच्या हातात लाल पेन असते. त्याने आधी तफावतीबद्दल विचारावे. उपपद नंतर घालता येते, आणि तिच्या समोर, हसत घालता येते.