रेंज होती, तूच नव्हतास

‘सर, रेंज नव्हती.’ बास झालं. हे वाक्य यापुढे माझ्यासमोर काढायचं नाही. ज्या तासाला रेंज नव्हती म्हणतोस, त्याच तासाला ग्रुपवर ‘हजेरी झाली का रे?’ असं विचारणारा कोण होता? मेसेज जायला रेंज होती आणि व्याख्यान यायला नव्हती? २०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातली एक मुलगी नेटवर्कसाठी डोंगरावर खोपी करून बसली आणि तिथून तिने पशुवैद्यकीचे तास ऐकले. वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. अडचण तिला होती. तुला निमित्त हवं आहे.

आणि तो बंद कॅमेरा. नाव पडद्यावर, माणूस पांघरुणात. हाक मारली की शांतता. मग दोन मिनिटांनी ‘सर, माइक बिघडलाय.’ रोज बिघडतो? माझ्या तासालाच? झोपलेल्याला उठवता येतं रे, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवायचं? वर्गात समोर पोरं बसलेली असतात आणि भिंतीवरच्या पडद्यावर दुसऱ्या दोन उपकेंद्रांतली, शिवाय तुझ्यासारखी घरून जोडलेली. मी दोन्हीकडे बघत शिकवतो. तिकडे काळे चौकोन दिसले की कुणाला कळलं नाही हे कळायला मला मार्गच उरत नाही. उदाहरण पुन्हा सांगायचं की पुढे जायचं, हे मी तुझ्या चेहऱ्यावरून ठरवतो. तो चेहराच तू काढून घेतलास. वर ‘ऑनलाइनमध्ये समजत नाही’ अशी तक्रार तुझीच!

पण सगळ्यात मोठी थाप तू मला मारत नाहीस, स्वतःला मारतोस. ‘रेकॉर्डिंग आहे ना, नंतर बघतो.’ कधी? एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला आहेस. आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्यानं. म्हणजे एकूण तीस तास. परीक्षेच्या आदल्या रात्री तीस तास कुठून आणणार? दुप्पट वेगाने लावलंस तरी पंधरा होतात, आणि त्या वेगात गणिताची पायरी कानावरून जाते, डोक्यात शिरत नाही. लिंक साठवून ठेवली म्हणजे अभ्यास साठला असं तुला वाटतं. कणगीत धान्य आहे म्हणून कुणाचं पोट भरतं का? दळावं लागतं, थापावं लागतं, चावावं लागतं.

स्वाध्यायांचं तर बोलायलाच नको. टेलिग्रामवर उत्तरं येतात, तू खुणा करतोस. पंचवीसपैकी चोवीस! आईला दाखवलेस ना ते गुण? आता हिशेब ऐक. स्वाध्यायांना २५, परीक्षेला ७५. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, समोर पर्यवेक्षक. तिथे ७५ पैकी किमान ३० पडले नाहीत तर प्रमाणपत्र नाही, मग घरबसल्या मिळवलेले ते चोवीस काय चाटायचे? आणि बारा स्वाध्यायांपैकी तुझे उत्तम आठच धरतात. म्हणजे चार आठवडे आजारी पड, गावाला जा, बहिणीचं लग्न काढ, त्याची माफी आधीच दिलेली आहे. एवढी सवलत असूनही तुला उत्तरं उसनी आणावी लागतात?

हा ऑनलाइन कोर्स म्हणजे जोडधंदा, खरे विषय वेगळेच, असं समजू नकोस. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे युजीसीने, एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट ‘स्वयम’ या सरकारी मंचावरच्या अशा कोर्समधून घ्यायची मुभा विद्यापीठांना दिली आहे. पदवीचा एवढा मोठा तुकडा तू झोपेत कमावणार?

‘मुख्य कॅम्पसच्या पोरांना सगळं मिळतं, आम्हाला उपकेंद्रात काय?’ हे अर्धं खरं आहे. इथे ग्रंथालयाची दोन कपाटं आहेत, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळेसाठी बसने जावं लागतं. त्यासाठी मी वर भांडतो, पुढेही भांडेन, ते माझं काम. उरलेल्या अर्ध्याचं काय? आयआयटी मद्रासचा प्राध्यापक जे मुंबईच्या पोराला शिकवतो, अक्षरशः तेच तुला शिकवतो. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तुझ्या मोबाइलवर उघडतं. उघडलंस कधी? ई-पुस्तकांसाठी महाविद्यालयाने दिलेला पासवर्ड कुठे आहे? कोर्सच्या पानावर शंका विचारायची सोय आहे, तिथे तुझ्या नावाचा एक तरी प्रश्न दाखव. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मुंबई विद्यापीठाने १९७१ साली टपालाने शिकवायला सुरुवात केली. नाशिकला मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं. तेव्हा कुठलं रेकॉर्डिंग आणि कुठली लिंक? दिवसभर नोकरी करून, पोरंबाळं निजवून लोक रात्री ती जाड पुस्तकं घेऊन बसायचे आणि सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्र गाठायचे. शिक्षक महिन्यातून मोजक्या वेळा भेटायचा, म्हणून भेटला की त्याला सोडत नसत. तुला शिक्षक खिशात मिळाला आहे. तू त्याला म्यूट करून ठेवलास.

तू ढ असतास तर मी एवढं बोललोच नसतो. गेल्या सत्रात, प्रत्यक्ष तासाला, नमुना निवडीवर तू असा प्रश्न विचारलास की वर्ग दहा मिनिटं त्याच्यावरच भांडत बसला. तो मुलगा कुठे गेला? आमचा प्रोजेक्टर रुसला की तूच येऊन सुरू करतोस. तत्काळचं तिकीट साऱ्या आळीला तू काढून देतोस. म्हणजे यंत्र कळतं, वेळ पाळता येते, डोकंही चालतं. फक्त कुणी बघत नसलं की तू स्वतःला सूट देतोस. आणि या शिक्षणात बहुतेक वेळ कुणी बघतच नसतं.

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं युजीसीने २०२२ मध्ये जाहीर केलं. कागद सारखा झाला. पण मुलाखतीत समोरच्याने ‘हा आकडा कसा काढलास?’ विचारलं तर तिथे म्यूटचं बटण नसतं.

आता ऊठ. पाचव्या आठवड्याची व्याख्यानं आज बघ, साध्या वेगाने, वही समोर ठेवून. जिथे अडशील तिथली वेळ लिही, मिनिट आणि सेकंद. स्वाध्याय स्वतः सोडव. दहापैकी चार आले तरी चालतील, मला ते चार बघायचे आहेत. ग्रुपवरची उत्तरं पुसून टाक. सोमवारी साडेदहाला माझ्या खोलीत ये, अडलेल्या जागांची यादी घेऊन. यादी कोरी असेल तर दारातूनच परत जा.