सिस्टर किती जणी होत्या?

२०२५ च्या जूनमध्ये भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाला आलेल्या एका बाईच्या पोटाला जेलीऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड लावलं गेलं. सफाईचं ॲसिड. पोट भाजलं, बाळ सुखरूप. भोकरदन जालना जिल्ह्याच्या एका टोकाला, आमचं परतूर दुसऱ्या. पण बातमी लगेच पोचली. चहाच्या टपरीवर आमचे एक निवृत्त सर म्हणाले, "त्या सिस्टरला घरी बसवा. आमच्या वेळी सुईण यायची. आम्ही सात भावंडं घरातच झालो, कुणाला काही झालं का?" मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची भरपाई म्हणून हा लेख.

सरांच्या हिशेबात वाचलेलेच येतात. अडून मेलेली बाई टपरीवर सांगायला येत नाही. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरातली पासष्टेक बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत ती पंचाण्णवच्या घरात गेली. मातामृत्यूही लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले (२०१८-२०). सुईणीबद्दल मला आदर आहे, पण रक्तस्राव सुरू झाल्यावर तिच्या हातात नवसाखेरीज फारसं काही नसे.

सर हरले, म्हणून सरकार जिंकलं असं नाही. 'संस्थात्मक प्रसूती' या भारदस्त शब्दात छप्पर मोजलं जातं. छपराखाली रात्री दोन वाजता कोण जागं आहे, हे मोजत नाहीत.

इथे मला माझा लाडका माणूस आणू द्या. इग्नाझ सेमेलवाइस, एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर. व्हिएन्नाच्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. पहिल्यात शंभरातल्या दहाच्या आसपास बाळंतिणी तापाने जात, दुसऱ्यात चारेक. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात जायला नको म्हणून त्या हातापाया पडत. काही तर वाटेतच बाळंत होत, आणि त्यांच्यात ताप कमी! शवविच्छेदन करताना सुरी लागून एक सहकारी तशाच तापाने गेला, तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला: विद्यार्थी प्रेतं चिरून थेट बाळंतिणीकडे येत होते. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. व्हिएन्नात सफाईच्या रसायनाने बायका वाचवल्या, भोकरदनला सफाईच्याच रसायनाने पोट जाळलं.

सरांना झोडपायला मी सेमेलवाइसला बोलावलं होतं. तो माझ्याच अंगावर आला. त्याचं मोठेपण दोन विभागांत फरक काय, या साध्या प्रश्नात होतं. पुढे तो प्रश्न त्याच्या हातून सुटला. ऐकत नाहीत म्हणून उघड्या पत्रांतून तो प्राध्यापकांना खुनी म्हणू लागला, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. खरा असूनही शिव्या देत गेला, आणि हात धुणं लांबलं. टपरीवर आम्ही दोघांनी त्याचा दुसरा अर्धा भाग गिरवला: लावलं कुणी? पहिल्या अर्ध्याचा प्रश्न राहिलाच: सफाईचं ॲसिड प्रसूतीच्या सामानाजवळ आलंच कसं, आणि ते पाहायला तिथे माणसं किती होती?

सिस्टर निर्दोष, असं मी म्हणत नाही. बाटली न वाचता लावणं ही चूकच. पण एका टेबलावर कळा देणारी, दुसऱ्यावर टाके, बाहेर नातेवाईक ओरडताहेत, रजिस्टर भरायचं आहे, अशा रात्री बाटली वाचायला तिसरा डोळा लागतो. निलंबनाने तो मिळत नाही; उलट उरलेल्या हातांतला एक कमी होतो.

सिझेरियनचं तर विचारूच नका. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त, बालरोगतज्ज्ञ. यातलं एक नसलं की कागदावर 'रेफर' लिहितात. परतूरहून जालना साठेक किलोमीटर, तिथून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणखी तेवढंच. गाडीत बाळंत झालेली बाई आकडेवारीत कुठल्या खान्यात बसते, ते एखाद्या बाबूने सांगावं.

सर, पुढचा चहा माझ्याकडून. येताना आपल्या दवाखान्यात प्रसूतिकक्षाच्या रात्रपाळीला किती सिस्टर असतात, तेवढं विचारून या.