लेकीचे मोल कायद्याने ठरते काय?



बालाघाट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बीड-लातूरकडील डोंगररांग येते. याच नावाचा एक जिल्हा मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी, आपल्या गोंदियाला लागून आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९६७ मुली होत्या. आपल्या बीड जिल्ह्यात हाच आकडा ८०७ होता. नाव एक, आणि अंतर एवढे!

कायदा नव्हता म्हणून असे झाले काय? नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला; केंद्राचा १९९४ साली झाला. मध्य प्रदेशाने २००७ साली लाडली लक्ष्मी योजना आणली व २०१८ साली तिला कायद्याचे रूप दिले. अठरा वर्षांपूर्वी विवाह न होता बारावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीस एकविसाव्या वर्षी एक लाखाची रक्कम मिळते. एक कायदा पाप करणाऱ्याचा हात धरतो, दुसरा लेकीला हात देतो. दोन्ही स्तुत्यच आहेत. परंतु बालाघाटचा आकडा योजनेपूर्वी, २००१ सालीही, जवळपास एवढाच होता. तेथे लेकीचा स्वीकार आधी होता, कायदा मागून आला.

कोणी म्हणेल, ‘महाराज, हुंड्याचे काय?’ शासनाच्या रकमेने तो भार थोडा हलका होईल, हे खरे. पण लेकीला भार मानणारी दृष्टी रकमेने बदलत नाही. ती संस्काराने बदलते.

आपल्या परंपरेत गर्भाला आठव्या महिन्यात लिंगसंस्कार होतो. त्या वेळी मुलगा की मुलगी, असे गुरू विचारतो काय? जो जीव कुशीत आला तो शिवाचा अंश, एवढेच तो जाणतो. मग त्याच कुशीची चोरून तपासणी करणाऱ्याने गळ्यात इष्टलिंग कोणत्या तोंडाने धारण करावे? भक्तहो, हा प्रश्न न्यायालयाचा नाही, आपला आहे.

म्हणून मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर ‘असू दे’, ही भाषा घरातून जाऊ द्या. लेकीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यापूर्वी क्षणभर थांबा. कायदा लेकीला मोजतो. तिला मानायचे काम आपलेच आहे.