मधमाशीच्या छातीतली ऊब

कोणत्या जिवाला मारताना मन कचरावे, हे आपण बहुधा ऊब पाहून ठरवतो. चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आलेल्या सशाची गोष्ट महानुभाव परंपरेने जपली. ती लगेच पटते, कारण सशाची धडधड आपल्या ओळखीची असते. किडा मात्र थंड रक्ताचा, म्हणून जवळपास निर्जीव. देकार्तने सतराव्या शतकात सगळ्याच जनावरांना यंत्रे ठरवले. सशाबाबत त्याचे म्हणणे आपण झिडकारतो आणि किड्याबाबत मात्र गुपचूप मान्य करतो. दयेची ही रेषा ज्या समजुतीवर ओढली आहे ती समजूतच खोटी आहे, असे मला वाटते, आणि ती पारखायला नागपूरच्या उन्हाळ्याहून योग्य कसोटी नाही.

२३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत सक्करदऱ्याच्या तलावाकाठच्या ओल्या चिखलावर, नाहीतर एखाद्या कूलरच्या भिजल्या ताटीवर मधमाश्या पाणी न्यायला उतरतात. बाहेरचे ऊन हा त्यांच्या अडचणीचा अर्धाच भाग, कारण भट्टी त्यांच्या छातीतही असते. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. उडण्याचे बळ देणारे मुख्य स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. ते छातीची कुपीच आळीपाळीने उभी-आडवी दाबतात आणि त्या दाबाने पंख वरखाली होतात. एक स्नायू आखडला की दुसरा ताणला जातो आणि त्या ताणानेच तो आखडतो, त्यामुळे मज्जातंतूच्या एका इशाऱ्यावर कितीतरी फडफडी निघतात. या खटाटोपात खर्चलेल्या शक्तीचा फार मोठा वाटा उष्णता होऊन जातो. डिसेंबरच्या सकाळी ती उष्णता हवीच असते. पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवून माशी आधी छाती तापवते, मगच उडते. मे महिन्यात मात्र तीच उष्णता जिवावर उठते. बर्न्ड हाइनरिख यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, अशा वेळी मधमाशी मधपिशवीतला पातळ रस तोंडाशी आणते आणि त्याचा थेंब जिभेवर धरून सुकू देते. डोके गार होते आणि छातीतली उष्णता रक्तावाटे डोक्याकडे ओढली जाते. ४६ अंशांच्या हवेतही तिचे काम चालू राहते ते यामुळे. वाळ्याची ताटी याहून वेगळे काही करत नाही.

मग कोणी म्हणेल, ताटीला आपण जीव म्हणत नाही; एसी तर तापमान मोजून बंद-चालूही होतो. आक्षेप वजनदार आहे. पण खोली तापली म्हणून एसीचे स्वतःचे काही जात नाही, आणि माशीचा थेंब चुकला तर माशीच मरते. तिचा सारा बंदोबस्त स्वतःसाठी किंवा पोळ्यासाठी असतो. एवढ्याने तिला वेदना होते असे सिद्ध होत नाही, हे कबूल. म्हणून लंडनच्या लार्स चिट्का यांच्या प्रयोगशाळेतला २०२२ मधला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. तिथे केसाळ बंबलबींपुढे साखरपाण्याच्या जागा ठेवल्या होत्या, त्यांतल्या काही ५५ अंशांपर्यंत तापवलेल्या. गोडी सारखीच असली तर माश्या तापलेली जागा टाळत. गोडी तिथेच जास्त असली तर चटका सोसून तिथे जात. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर त्या दर वेळी मागे सरल्या असत्या. इथे नफ्या-तोट्याचा काही हिशेब होतो आहे. आता पुरावा मागायचा तो 'किडा म्हणजे यंत्र' म्हणणाऱ्याकडे.

जैन शास्त्रकारांनी जीव इंद्रियांवरून मोजले: मुंगीला तीन, माशीला नि भुंग्याला चार. जीवशास्त्र म्हणून ही मोजणी आज टिकणार नाही, पण जिवांत पायऱ्या आहेत, मधेच कुंपण नाही, ही तिच्यामागची दृष्टी खरी ठरते. आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात तर अहिंसकाच्या चालीला उपमा दिली आहे ती कमळावर जपून पाय ठेवणाऱ्या भ्रमराची. किड्याला दया दाखवणे दूरच, दयेचा धडा त्याच्याकडूनच घेतला आहे!

खरी अडचण डासाची. मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलीसची मादीसुद्धा गरम रक्त पिताना मागून थेंब सोडून अंग गार ठेवते. म्हणजे माझ्याच मापाने तीही जीव ठरते. ठरू दे. तरी कूलरच्या टाकीत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या वळवळताना दिसल्या, तर टाकी उपसून कोरडी करायलाच हवी. जीव मान्य केला की मारायला कारण द्यावे लागते, आणि इथे ते आहे. इमारतीच्या सज्जाखाली लटकलेल्या आग्यामोहोळाला रात्री टेंभा लावताना ते पुष्कळदा नसते. माणसांच्या वावराला लागून असलेले मोहोळ धोक्याचे, यात वाद नाही. पण उंच, आडबाजूच्या मोहोळाच्या माश्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करणाऱ्या असतात, काही महिन्यांत आपणहून जातात. मधासाठीही जाळण्याची गरज उरलेली नाही. या पोळ्यात मध वरच्या टोकाला असतो आणि अंडी-अळ्या खाली. अंगभर जाळीचा पोशाख चढवून नुसता मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मध काढणाऱ्यांना शिकवली आहे. खालचे पोळे जागीच राहते, आणि त्यावर माश्यांचा पडदाही.