वरदानाचे औचित्य

देवतेने भक्ताला दिलेले सामर्थ्य तिच्या स्वभावाशी जुळणारे असावे, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागील गृहीतकाकडे सहसा लक्ष जात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन अद्‌भुतरम्य खेळात ही अपेक्षा नियमांच्या रूपाने भेटते. या खेळात पुरोहिताची भूमिका घेणाऱ्याला मंत्र त्याच्या देवतेकडून मिळतात. 1989 च्या आवृत्तीत हे मंत्र निरनिराळ्या क्षेत्रांत विभागले गेले आणि कोणत्या देवतेने कोणती क्षेत्रे द्यावीत हे ठरवता येऊ लागले. 2000 च्या आवृत्तीत देवतेची खास क्षेत्रे मोजकीच राहिली. उरलेली मंत्रसूची बहुतांशी सर्वांना सामाईक झाली. परिणामी मृत्युदेवतेचा पुरोहितही जखम भरून काढणारा मंत्र मागू शकतो. ही विसंगती खेळ रचणाऱ्यांची सोय म्हणून सोडून देता येईल. परंतु ती विसंगती म्हणून खटकते, यातच देवता म्हणजे एकेका खात्याची अधिकारी ही कल्पना आपण आधी स्वीकारली असल्याची कबुली आहे.

ही कल्पना जुनी आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीनने रोमन देवतांची थट्टा केली ती याच मुद्द्यावर. माणसांच्या घरी एक द्वारपाल पुरतो. देवांमध्ये मात्र दाराच्या फळीसाठी एक, बिजागरीसाठी दुसरी आणि उंबरठ्यासाठी तिसरी देवता लागते, असा त्याचा आक्षेप होता. खातेवाटप जितके काटेकोर, तितकी देवता क्षुद्र होत जाते, हे त्याने अचूक हेरले होते.

आपल्या काव्यशास्त्रात या प्रश्नाला लागू पडणारी संज्ञा औचित्य ही होय. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने साजेसेपणाला काव्याचे जीवित मानले. पण साजेसे म्हणजे कशाला साजेसे? वरदानाच्या बाबतीत या प्रश्नाची निदान दोन उत्तरे संभवतात: देणाऱ्याच्या स्वभावाला, किंवा देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्याला. खानदेशातील दैवतव्यवहार या दोहोंतील अंतर स्पष्ट करतो.

काही उदाहरणांत विसंगती केवळ वरवरची असते. पटकीची देवता म्हणून जिची धास्ती, त्या मरीआईलाच पटकीपासून रक्षण मागितले जाते. सातपुड्यातील आदिवासी वाघदेवाला पूजतात ते गुरे वाघापासून वाचावीत म्हणून. येथे जो अरिष्ट आणू शकतो तोच ते आवरू शकतो, हा तर्क आहे. खात्याची कल्पना त्यात मोडत नाही, उलट पक्की होते.

सप्तशृंगीचे उदाहरण मात्र या तर्कात बसत नाही. चैत्रात जळगाव-धुळ्याकडून हजारो माणसे पायी वणीच्या गडावर जातात. समोर उभी असते ती अठरा भुजांची, आयुधे धारण केलेली महिषमर्दिनी. आणि तिची ओटी भरून मागणे घातले जाते ते मूलबाळाचे, पिकापाण्याचे. धुळ्यात पांझरेच्या काठी असलेली एकवीरा रेणुकेचे रूप मानली जाते. पुत्राच्या हातून जिचा शिरच्छेद झाला, त्या मातेच्या दारी लेकरांचे जाऊळ काढले जाते. कथेच्या संहितेवरून विधीचे अनुमान करू पाहणारा अभ्यासक येथे अडखळतो. परंतु ओटी भरणारीला ही विसंगती जाणवत नाही, आणि याचे कारण तिचे अज्ञान नव्हे. ती आपल्या कुळाच्या देवीकडे आली आहे. कुलदैवत गुण पारखून निवडले जात नाही. ते आईबापांप्रमाणे लाभते. आईकडे काही मागताना हे तिच्या खात्यात येते काय, असा विचार कोणी करीत नाही. श्रावणातील कानबाईच्या बाबतीत तर देवतेचे खाते शोधणेच व्यर्थ ठरते. नारळाला देवीचे रूप देऊन तिची स्थापना होते आणि तिचे रोट भाऊबंदांतच खाल्ले जातात. ती कशाची देवी, यापेक्षा ती कोणाची, यालाच येथे अर्थ आहे.

या भूमिकेला सर्वांत गंभीर आव्हान मराठीतच उभे राहिले आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात देवतांचे सामर्थ्य नाकारलेले नाही. त्यांच्या फळाला मर्यादा घातली आहे. प्रत्येक देवता आपल्या पायरीचे फळ देते आणि ते सरते. मोक्ष देणारा परमेश्वर देवतांहून वेगळा आहे. हेही एक प्रकारचे खातेवाटपच, पण त्यामागे नैतिक हेतू आहे: देणाऱ्याला सीमा नसेल तर घेणाऱ्याच्या मागण्यालाही सीमा उरत नाही. भस्मासुराची कथा हीच भीती सांगते. तेथे शिवाने दिलेले वर त्याच्या स्वभावाला अनुचित होते असे म्हणता येणार नाही; संहार त्याचाच. तरीही ते दान अनर्थकारक ठरले. म्हणजे स्वभावाशी जुळणे ही औचित्याची पुरेशी कसोटी नव्हे.

मग नाते ही तरी पुरेशी कसोटी आहे काय? येथे सातपुड्याकडे पुन्हा पाहणे भाग आहे. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारच्या डोंगराळ भागात भगत हा देवाशी नाते असलेला माणूस. तो आजार उतरवतो, धीर देतो. पण त्याच देवाच्या नावाने तो आजाराचे कारण म्हणून एखाद्या बाईला डाकीण ठरवतो, आणि तिच्या वाट्याला मारहाण, बहिष्कार, कधी मृत्यूही येतो. बरे करण्याचे आणि दोषी ठरवण्याचे सामर्थ्य एकाच उगमातून आले असे भगत सांगतो. देवतेला खातेच नाही असे म्हटले, तर या दुसऱ्या सामर्थ्याला अनुचित कोणत्या आधारावर म्हणावे?

आधार आहे, पण तो देवतेच्या स्वभावात नाही आणि भगताच्या भक्तीतही नाही. नवस हा दुतर्फा व्यवहार असतो. बोलणारी स्वतः बोलते, फेडण्याचे ओझे स्वतः घेते, आणि नवस फळला नाही तर देवीशी भांडण्याचा हक्कही राखते. डाकीण ठरवल्या गेलेल्या बाईला यातले काहीच नाही. जे सामर्थ्य तिच्यावर चालवले जाते त्याच्या व्यवहारात ती पक्षच नसते. देवाला उलट विचारण्याची तिची वाट भगताने अडवलेली असते. म्हणून वरदानाच्या औचित्याची कसोटी अशी मांडावी लागते: ज्याच्यावर ते सामर्थ्य चालते, त्यालाही त्या देवतेसमोर उभे राहून बोलता येते काय? या कसोटीला महिषमर्दिनीने दिलेले मूल उतरते. भगताचा कौल उतरत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने देवतेच्या स्वभावाची चर्चा न करता अशा आरोपातून होणाऱ्या छळाला गुन्हा ठरवले. त्यामागील नैतिक विवेक याच्याशी नाते सांगणारा आहे.

यातून समीक्षेलाही काही घेण्यासारखे आहे. लोकदैवतांच्या कथा वाचताना आपण गुण आणि कार्य यांची कोष्टके मांडतो आणि कोष्टकाबाहेर राहील त्याला मिश्रण, भेसळ किंवा संहितेचा बिघाड म्हणतो. वास्तविक तेथेच एखादी व्यक्ती आपली गरज घेऊन उभी असते. कोष्टक टाकून द्यावे असे नाही; महानुभावांनी सांगितलेली मर्यादा विसरणे धोक्याचेच आहे. पण औचित्याचा निवाडा करताना देणाऱ्याच्या हातातील आयुधे मोजून थांबता येणार नाही. दान कोणाच्या पदरात पडले आणि कोणाच्या डोक्यावर कोसळले, हेही पाहावे लागेल.