स्वयंशिक्षित चित्रकारालाही गाव लागतं

‘कुणाकडेही न शिकता चित्रकार झाला’ हे वाक्य आपण मोठ्या कौतुकाने उच्चारतो. नांदेड-लातूरकडे ते जरा जास्तच ऐकू येतं, आणि त्याला कारण आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तो मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पुढेही चित्रकला शिकायची तर औरंगाबाद, पुणे नाहीतर मुंबई गाठा, हेच बराच काळ चाललं. घरची कोरडवाहू शेती सोडून चित्रं शिकायला मुंबईला जाणं किती जणांना परवडणार? इथल्या चित्रकाराचं स्वतःचं स्वतः शिकणं हा बहुतेकदा नाइलाज होता. त्या नाइलाजाचं कौतुक करून आपण आपल्या जबाबदारीतून सुटतो, हे मला खटकतं. कारण एकट्याच्या बळावर चित्रकार घडत नाही. ज्यांना आपण स्वयंशिक्षित म्हणतो, त्यांचीच चरित्रं हे सांगतात.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) हे आपलं सर्वांत ठळक उदाहरण. ते कलाशाळेत गेले नाहीत. तरी तैलचित्रं रंगवली, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, शिल्पं घडवली, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पण त्यांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम जाणणारे कसबी कारागीर होते. बरोबरीला नात्यातले भाऊ आनंदराव होते, तेही चित्रकार. आबालाल रहिमानांसारखा थोर चित्रकार त्याच शहरात होता. नाटकाला पडदा लागत होता आणि पडद्याला पैसे मिळत होते. शाळेचा दाखला नव्हता, पण अख्खं कोल्हापूर शिकवायला होतं.

दुसरं उदाहरण मराठवाड्यासारखंच निजामाच्या राज्यातलं आहे. कृष्णाजी हौळाजी आरा १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारमला जन्मले. लहानपणी मुंबईला पळून आले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या. रात्री खोलीत चित्रं काढायची. ती चित्रं समीक्षक रुडी फॉन लायडन यांच्या नजरेस पडली आणि दार उघडलं. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात सूझा, रझा, हुसेन यांच्या जोडीने आरा होते. त्यांच्या फुलदाण्यांच्या चित्रांतला जोम त्यांचा स्वतःचा, हे कुणी नाकारणार नाही. पण ते चित्र ओळखणारा डोळा आणि त्यावर रात्र रात्र वाद घालणारे सोबती मुंबईने दिले. पुढे आरांनी आर्टिस्ट्स सेंटर सांभाळलं, नवख्यांना हात दिला. एकट्याने शिकण्याची किंमत ज्याने मोजली होती, त्याला सोबतीचं मोल ठाऊक होतं.

मग आपल्याकडच्या स्वयंशिक्षित चित्रकाराचं गाव कोणतं? कालपरवापर्यंत ते पेंटरचं दुकान होतं. पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, पुढाऱ्यांचे चेहरे, सगळं तिथे रंगत असे. नवं पोरगं आधी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायचं, मग पत्र्याला अस्तर मारायचं, मग अक्षरांना शेड द्यायचं आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या हाती अक्षर यायचं. चेहरा काढायचा तर फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन भिंतीवर मोठे करून आखायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. यात एक गोष्ट पक्की शिकली जाते: हे नाक, हा डोळा असं न म्हणता समोर दिसणारा आकार जसाच्या तसा पाहणं. कलाशाळेतही पहिला धडा हाच असतो.

फ्लेक्स आला आणि पेंटरांचा रोजगार गेला, असं आपण म्हणतो. त्याच दिवशी तालुक्याची एकुलती एक कलाशाळाही बंद पडली, हे कुणी म्हणत नाही.

अर्थात, त्या दुकानाची मर्यादाही होती. फोटोतली सावली काळी असते, म्हणून पेंटर ती काळी रंगवतो. जिवंत माणसाच्या गालावरच्या सावलीत शेजारच्या भिंतीचा रंग उतरलेला असतो, तो फोटो सांगत नाही. छापील चित्रात रंगाचा थर दिसत नाही. कुठे तो लपेडला, कुठे पुसून काढला, हे मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावरच कळतं. आमच्याकडच्या गुणी माणसाचं अडतं ते इथे. हात तयार असतो, मूळ चित्र पाहायला मिळालेलं नसतं.

शाळेने ही उणीव भरावी, तर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षाही आता वाढीव गुणांसाठी दिल्या जातात. खरं म्हणजे स्मरणचित्र हा किती सुंदर विषय! डोळ्यांत साठवलेलं कागदावर आणायचं. पण बाजाराचं चित्र काढताना हळीच्या किंवा माळेगावच्या जनावरांच्या बाजारात फिरलेलं मूलही गाइडमधला बाजार काढतं. परीक्षेच्या कसून तयारीच्या लातूर पॅटर्नने असंख्य शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर-इंजिनिअर केली, ते ऋण मोठं आहे. मात्र ज्या विषयाला उत्तरतालिकाच नाही, तिथे तयार उत्तर गिरवण्याची ही सवय घात करते. चित्रात प्रश्नही आपलाच शोधावा लागतो.

तो शोधायला इथे सामग्री थोडी नाही. होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांवरची शिल्पं, खरोशाची लेणी, पोळ्याला रंगवलेली शिंगं, मृगाच्या आधीची तडकलेली काळी रानं, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाने मोडलेले वाडे. यातलं फारच थोडं अजून चित्रात आलं आहे.

म्हणून मागणं साधं आहे. राज्य कला प्रदर्शनातल्या निवडक मूळ कलाकृती दरवर्षी महिनाभर नांदेडला आणि लातूरला मांडल्या जाव्यात. प्रत्येक शाळेत चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक असावा. ट्यूशनसाठी हजारो मुलं सांभाळणाऱ्या या दोन शहरांनी, रविवारी चित्रकारांना एकत्र बसता येईल, समोर माणूस बसवून काम करता येईल आणि एकमेकांच्या चित्रांवर बोलता येईल, असा एक हॉल तरी द्यावा. एवढं केल्यावरही इथला चित्रकार स्वतःच शिकेल, कारण शेवटी प्रत्येक चित्रकार स्वतःच शिकतो. फक्त त्याला एकटं शिकावं लागणार नाही.