एका सहीची साक्ष



ट्रक, टेम्पो, बस किंवा रिक्षा चालवून पोट भरायचे, तर आपल्या देशात नुसते स्टिअरिंग हातात धरता येऊन भागत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे नियम चालकाकडून दोन कागद मागतात. पहिला फॉर्म १. तो चालकाने स्वतः भरायचा. त्यातले प्रश्न साधे पण नेमके आहेत. तुम्हाला फिट येते का? अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का? पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? रातांधळेपणा आहे का? आणि शेवटी, तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा आणखी काही आजार आहे का? खाली सही.

दुसरा कागद फॉर्म १-अ, ज्याला सारेजण 'मेडिकल' म्हणतात. तो नोंदणीकृत डॉक्टरांनी द्यायचा. मी या माणसाला तपासले, त्याची नजर, कान, हात-पाय आणि सांधे लक्षपूर्वक पाहिले, आणि माझ्या मते तो गाडी चालवण्यास योग्य आहे, अशा अर्थाचा तो दाखला. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. त्या वेळी दाखला पुन्हा नवा लागतो.

हे कागद मन लावून भरणारे चालक आहेत, आणि माणूस समोर बसवून नीट तपासणारे डॉक्टरही आहेत. तरीही 'ती काय, नुसती फॉर्मॅलिटी आहे' हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. 'सगळीकडे नाही-नाही लिहा,' असा सल्ला मिळतो. माणूस न पाहताच दाखल्यावर शिक्का बसतो. आपल्याला त्यात फारसे काही वावगे वाटत नाही. कोणाचे पैसे बुडाले नाहीत, कोणाला मारहाण झाली नाही. कागदाचे पोट भरले, एवढेच. मग यात पाप ते कोणते?

या प्रश्नाचा विचार करताना स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात घडलेली एक घटना मला महत्त्वाची वाटते. २२ डिसेंबर २०१४. नाताळ तीन दिवसांवर आला होता. क्वीन स्ट्रीट आणि जॉर्ज स्क्वेअर हा भाग खरेदीला आलेल्या लोकांनी गजबजला होता. नगरपालिकेचा कचरा वाहून नेणारा ट्रक तेथून चालला असताना चालकाची शुद्ध हरपली. ट्रक पदपथावर चढला आणि एका हॉटेलच्या भिंतीला थडकून थांबला. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाच्या आत संपला. तेवढ्यात सहा माणसे गेली. त्यांत एक तरुण मुलगी आणि तिचे आजी-आजोबा होते. पंधरा जण जखमी झाले.

पुढे न्यायालयीन चौकशी झाली. तीत जे बाहेर आले ते असे. हाच चालक पूर्वी बस चालवत असे. एप्रिल २०१० मध्ये, बस थांब्यावर उभी असताना, चालकाच्या आसनावरच तो बेशुद्ध पडला होता. आपण कोठे, कसे पडलो हे त्याने डॉक्टरांना खरे सांगितले नाही. नंतर नगरपालिकेत नोकरी धरताना आणि परवान्यासाठी वैद्यकीय माहिती देतानाही ही गोष्ट त्याने दडवली. त्याने खरे सांगितले असते तर हा अपघात कदाचित टळला असता, असा निष्कर्ष डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधीशांनी नोंदवला.

त्या अपघाताबद्दल मात्र चालकावर सरकारने खटला भरला नाही. कारण अपघाताच्या क्षणी तो बेशुद्ध होता, आणि बेशुद्ध माणसाच्या हातून घडलेल्या कृतीत त्याची इच्छा नसते. मृतांच्या कुटुंबीयांना हे फार लागले, आणि ते स्वाभाविक आहे. पण तर्क समजून घेतला पाहिजे, कारण आपला प्रश्न तेथेच उलगडतो. ट्रक पदपथावर चढला तेव्हा त्या माणसाने काहीच केले नव्हते. मग जे केले ते केव्हा केले? चार वर्षांपूर्वी, डॉक्टरांच्या टेबलासमोर, खुर्चीत शांत बसलेला असताना. तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता. तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात हा विचार जुना आहे. एखाद्या परिणामाची इच्छा नसेल, पण ज्या कारणातून तो परिणाम येऊ शकतो ते कारण आपण जाणूनबुजून निर्माण केले असेल, तर परिणामाची जबाबदारी आपल्याला झटकता येत नाही. दारूच्या नशेत केलेल्या कृत्याचा दोष नशेच्या क्षणापेक्षा पहिला पेला उचलण्याच्या क्षणात शोधावा लागतो. तसेच इथे. रस्त्यावरच्या अपघाताचे मूळ कधी कधी रस्त्यावर नसते. ते एका चौकटीत असते, जिथे 'होय' लिहायचे होते आणि 'नाही' लिहिले गेले.

म्हणून हे दोन कागद म्हणजे अर्ज नव्हेत, ती साक्ष आहे. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. खोटी साक्ष म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट, वकील आणि पिंजरा येतो. पण साक्ष म्हणजे काय? जे दुसऱ्याला स्वतः पडताळून पाहता येत नाही, ते मी पाहिले आहे किंवा मला ठाऊक आहे, असे माझ्या शब्दावर सांगणे. हायवे ओलांडणारी आजी समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाचे डोळे तपासू शकत नाही. शाळेच्या मुलांना त्याची रक्तातील साखर ठाऊक नसते. त्यांच्या वतीने कोणीतरी पाहिलेले असते, एवढ्याच विश्वासावर ती रस्त्यावर पाऊल टाकतात. तो विश्वास म्हणजे डॉक्टरांची सही.

आता दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

समजा, एका डॉक्टरांकडे वीस वर्षे येणारा चालक आहे. घर त्याच्या एकट्याच्या कमाईवर चालते. गाडीचे हप्ते आहेत, मुलगी कॉलेजात आहे. गेल्या वर्षभरात त्याला दोनदा फिट आली. तो हात जोडून म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, तेवढी सही करा. परवाना गेला तर आम्ही खायचे काय?' नियम पाठ म्हणून दाखवणे सोपे आहे. त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून 'अयोग्य' असे लिहिणे सोपे नाही. सही करणे हीच दया, असे त्या क्षणी वाटू शकते. आणि दया ही ख्रिस्ती माणसाला शिकवावी लागत नाही.

पण ही दया कोणाच्या खिशातून दिली जाते, हे पाहायला हवे. आपल्या ताटातला घास दुसऱ्याला देणे ही दया. तिसऱ्याच्या ताटातला घास, त्याला न विचारता उचलून देणे, याला दया म्हणता येत नाही. खोटा दाखला देणारा डॉक्टर स्वतःचे काहीच देत नाही. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची सुरक्षितता देऊन टाकतो. केबिनमध्ये एकच चेहरा समोर असतो, आणि तो रडत असतो. बाकीचे चेहरे दिसत नाहीत. पण न दिसणारा शेजारी हाही शेजारीच. शिवाय त्या ट्रकमध्ये सर्वांत पुढे बसलेला असतो तो स्वतः चालकच. त्याचे भले म्हणून दिलेली सही प्रथम त्याच्याच जिवावर उठू शकते.

डॉक्टरांच्या बाजूने झालेल्या दुर्लक्षाचेही उदाहरण आहे. ९ मे १९९९ रोजी, मदर्स डेच्या दिवशी, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे सहलीला निघालेली वयस्क प्रवाशांची बस रस्ता सोडून गेली आणि बावीस प्रवासी दगावले. चालकाला हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता, तरी त्याच्याजवळ वैद्यकीय दाखला होता. असा दाखला कोणी द्यावा, यावर तेथे पुढे कडक नियम झाले. २१ मे २०१४ पासून ट्रक-बस चालकांची तपासणी फक्त प्रशिक्षण घेतलेले, परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि राष्ट्रीय सूचीत नाव असलेले परीक्षकच करू शकतात. दाखला जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, आणि रक्तदाब वाढलेला आढळल्यास त्याहून कमी मुदतीचा.

पण केवळ कडकपणाने खरेपणा येतो का? येत नाही. 'खरे सांगितलेस की गेलास' असे म्हणणारा नियम माणसाला खोटे बोलायला शिकवतो. अमेरिकेत इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही चालकाला आंतरराज्य ट्रक चालवण्यास सरसकट मनाई होती. २००३ पासून काहींना खास सवलत मिळू लागली. २०१८ साली नियमच बदलला. साखर ताब्यात आहे असे उपचार करणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञाने कळवले, तर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करून दाखला देता येतो. आपल्याकडेही जून २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवान्याचे दार उघडण्यात आले, तीव्र दोष असणाऱ्यांना मात्र नाही. हे नियम सैल झाले असे मी म्हणणार नाही. ते अधिक न्यायी झाले. 'ये, काय आहे ते पाहू' असे म्हणणाऱ्यापुढे माणूस आपला आजार उघडा करतो.

इथेच आपला, म्हणजे जे डॉक्टर नाहीत आणि चालकही नाहीत अशांचा, संबंध येतो. खरे बोलण्याची किंमत एकट्या चालकाने का मोजावी? रस्ता सर्वांचा, माल सर्वांचा, बाजारात भाजी वेळेवर हवी ती सर्वांना. मग एका माणसाने खरे सांगून नोकरी गमावली, तर तो भार फक्त त्याच्या बायकामुलांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. 'खरे बोल' असे सांगणाऱ्या समाजाने खरे बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे त्याच उपदेशाचे दुसरे अर्धे अंग आहे.

आणि शरीराची तपासणी एका दिवसाची असते. सकाळी योग्य ठरलेले डोळे सलग जागरणानंतर योग्य राहत नाहीत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घालून दिली होती. 'उद्या सकाळपर्यंत माल पोचलाच पाहिजे' असे फोनवर सांगणारा मालक त्या मर्यादेला विसरतो, तेव्हा तोही डॉक्टरांचा दाखला खोटा पाडत असतो.

आपल्या धर्मग्रामात ट्रक-टेम्पोचे मालक आहेत, चालक आहेत, डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. मालकांनी एवढे करावे: आजार सांगणाऱ्या चालकाला त्याच दिवशी घरी पाठवू नये. गोदामात, हिशेबात, माल भरण्याच्या देखरेखीत त्याला जागा आहे का, ते आधी पाहावे. डॉक्टरांनी माणूस समोर असल्याशिवाय सही करू नये, आणि 'नाही' म्हणायची वेळ आली तर नुसता कागद परत न करता उपचाराची वाट दाखवावी. योग्य औषधाने आणि वेळेने अनेक आजार आटोक्यात येतात. आजचा नकार हा कायमचा असेलच असे नाही. घरच्यांनी, विशेषतः ज्यांनी ती फिट, ती चक्कर डोळ्यांनी पाहिली आहे त्यांनी, 'लोक काय म्हणतील' म्हणून ती झाकू नये. आणि अशा घरावर खरेच अडचण आली तर शेजाऱ्यांनी, आपल्या विभागातील कुटुंबांनी, दोन-चार महिने हात द्यावा. ही मदत म्हणजे उपकार नव्हे. रस्त्यावर सुखरूप चालता यावे म्हणून आपण भरलेला तो आपला वाटा आहे.

चालक बांधवांना एकच विनंती. पुढच्या वेळी तो फॉर्म हातात आला की तो एजंटकडे न देता स्वतः वाचा. प्रत्येक प्रश्नापुढे क्षणभर थांबा. ते प्रश्न सरकार विचारते असे वाटते खरे. पण ते विचारणारी असते रस्त्याच्या कडेला उभी राहून, तुमची गाडी कधी पुढे जाते याची वाट पाहणारी एक अनोळखी बाई, बोटाशी मूल धरलेली. तिला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे.